तरुण हृदयाची बेताल गती

ज्या विकाराची गणना वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ वार्धक्याच्या व्याधींत केली, तो जेव्हा तिशी-चाळिशीतल्या, एरवी धडधाकट अशा माणसाला अकस्मात गाठतो, छातीत विलक्षण धडधड सुरू होते, नाडी हाताला लागते पण तिच्या दोन ठोक्यांमधील अंतरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तातडीने काढलेल्या कार्डिओग्रामवर डॉक्टर ‘ॲट्रियल फिब्रिलेशन’ असा शेरा लिहितात, तेव्हा त्या माणसाच्या मनात भीतीच्या पाठोपाठ उभा राहणारा प्रश्न अत्यंत रास्त असतो. पंचाहत्तरीच्या गृहस्थाला ठोक्यांचा वेग आवरणारी एक गोळी आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी देऊन उर्वरित आयुष्य समाधानाने घालवता येते, हे खरे. परंतु ज्याच्यापुढे संसाराची आणि उद्योगाची चाळीस वर्षे अजून उभी आहेत, त्यानेही हीच वहिवाट चाळीस वर्षे चालवावी काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाव शतकात पुष्कळच बदलले आहे, आणि ज्या इलाजामुळे ते बदलले त्या कॅथेटर ॲब्लेशनचा परिचय, त्याची खरी शक्ती आणि त्याच्या खऱ्या मर्यादा यांसह, सामान्य वाचकाला करून द्यावा असा या लेखाचा हेतू आहे.

ठोक्यांचा कारभार

हृदयाच्या चार कप्प्यांपैकी वरच्या दोन अलिंदांत शरीराकडून व फुप्फुसांकडून परतलेले रक्त जमते आणि खालची दोन निलये ते पुढे लोटतात. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात सायनस नोड या नावाचा पेशींचा एक लहानसा पुंज आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली त्याचा शोध लावला. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० वेळा या पुंजातून विद्युत्-संकेत निघतो, दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंदे व निलये यांच्या सीमेवरील ए-व्ही नोड या एकाच नाक्यावर क्षणभर थबकतो आणि मग निलयांत उतरतो. हृदयाचा सारा कारभार या एका हुकमावर चालतो. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये नेमका हाच हुकूम चालेनासा होतो. अलिंदांच्या भिंतीत ठिकठिकाणी स्वतंत्र लहरी उठतात, त्यांची संख्या मिनिटाला ३५० पासून ६०० पर्यंत जाते, आणि इतक्या धांदलीत अलिंदांचे धड आकुंचन न होता ती नुसती थरथरत राहतात. नाक्यातून जे संकेत निसटतात तेवढेच, आणि तेही अनियमित अंतराने, खाली पोहोचत असल्यामुळे नाडी वेगवान आणि विषम होते.

अशा नाडीचे वर्णन जुन्या वैद्यांनी व डॉक्टरांनी पुष्कळ केलेले आढळते. तिचे मूळ मात्र कोणालाच उमगले नव्हते. हॉलंडमधील विलेम आइनथोव्हेन यांनी आपल्या नव्या गॅल्व्हॅनोमीटर यंत्रावर टिपलेला या विकाराचा आलेख १९०६ साली प्रसिद्ध केला, आणि १९०९ च्या सुमारास लंडनच्या टॉमस लुईस यांनी ही विषम नाडी आणि अलिंदांचे हे थरथरणे यांचा कार्यकारणसंबंध कार्डिओग्रामच्या साहाय्याने सिद्ध केला.

या विकाराचे दुष्परिणाम तीन प्रकारचे आहेत. पहिला रुग्णाला स्वतःला जाणवतो: धडधड, दम, थकवा, आणि पुढचा झटका केव्हा येईल या धास्तीने मनाला लागलेली रुखरुख. दुसरा न जाणवता घडतो. डाव्या अलिंदाला चिकटून असलेल्या एका छोट्या पिशवीत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे वाहत गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या नागरिकांवर अनेक दशके चाललेल्या अभ्यासातून १९९१ साली निष्पन्न झाले की, या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. तिसरा परिणाम सावकाश होतो: दिवसेंदिवस अतिवेगाने धावणाऱ्या हृदयाचे स्नायू शिणतात आणि त्याची रक्त लोटण्याची शक्ती घटते. तरुण, निर्व्यसनी आणि अन्यथा निरोगी माणसात पक्षाघाताचा धोका पुष्कळच कमी असतो, ही दिलाशाची गोष्ट आहे. पहिला परिणाम मात्र बहुधा त्यालाच अधिक सोसावा लागतो, कारण त्याचा दिनक्रम धावपळीचा असतो आणि ए-व्ही नोडचा नाका तरुणपणी जास्त संकेत सोडतो.

तरुण वयातच का?

हा विकार तरुणांत विरळा आहे, पण समजला जातो तितका नव्हे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील एका मोठ्या रुग्णालय-समूहात २०१० ते २०१९ या मुदतीत तपासलेल्या ६७,००० हून अधिक फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण पासष्टीच्या आतले होते. आणि ज्यांना आपण तरुण म्हणून निश्चिंत राहतो त्या या गटात उच्च रक्तदाब, स्थूलता, मधुमेह आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार यांचे प्रमाण लक्षणीय होते. म्हणून तरुण रुग्णाच्या बाबतीत इलाजाच्या आधी कारणाचा शोध अधिक कसोशीने घ्यावा लागतो.

थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास फिब्रिलेशन सुरू होऊ शकते आणि ग्रंथीवर उपचार केल्यास ते पुष्कळदा थांबते. मद्यपानानंतर, विशेषतः सुट्टीच्या दिवसांतील अतिरेकानंतर, येणारे झटके अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ सालीच नोंदवून ठेवले आहेत. काही तरुणांना रात्री झोपेत किंवा भरपेट जेवणानंतर, म्हणजे व्हेगस या मज्जातंतूचा अंमल प्रबळ असताना, झटका येतो. पॅरिसच्या फिलिप क्युमेल यांनी या प्रकाराचे सूक्ष्म वर्णन केले. व्यायाम हृदयाला हितकारकच आहे, तथापि वर्षानुवर्षे अतिदीर्घ पल्ल्याच्या स्पर्धा करणाऱ्यांत हा विकार वाढतो, असे स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट या बर्फावरील शर्यतीत भाग घेणाऱ्या हजारो स्पर्धकांच्या अभ्यासात आढळले. कित्येक घराण्यांत तो आनुवंशिक असतो. चीनमधील अशाच एका कुटुंबात त्याला कारणीभूत असलेला जनुकदोष २००३ साली प्रथम सापडला. शिवाय अगदी तरुण रुग्णांत कधीकधी मूळ दोष निराळाच असतो: ए-व्ही नोडपाशी किंवा त्याच्या बाजूने जन्मतः असलेल्या एखाद्या जादा विद्युत्-मार्गातून प्रथम नियमित पण अतिवेगवान ठोके सुरू होतात आणि त्यांचे पर्यवसान फिब्रिलेशनमध्ये होते. असा मार्ग शोधून तेवढाच बंद केला तर पुढचा मोठा इलाज टळतो, म्हणून पंचविशीतल्या रुग्णाच्या तपासणीत ही शक्यता आधी पडताळून पाहणे अगत्याचे ठरते.

आपल्या देशाचा विचार करताना एक गोष्ट बाजूला सारून चालणार नाही. युरोप-अमेरिकेत फिब्रिलेशन हा मुख्यतः वृद्धांचा रोग राहिला. भारतात मात्र बालपणीच्या घसादुखीतून उद्भवणाऱ्या संधिवाती तापामुळे हृदयाची झडप आकसते, तिच्यामागील अलिंद ताणले जाते आणि ऐन उमेदीच्या वयात फिब्रिलेशन सुरू होते. निरनिराळ्या देशांतील रुग्णांची तुलना करणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत फिब्रिलेशनच्या रुग्णांपैकी संधिवाती हृदयरोग असलेले उत्तर अमेरिकेत २.२ टक्के, तर भारतात ३१.५ टक्के आढळले. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीतील सुमारे दीड हजार रुग्णांचे सरासरी वयही पंचावन्नच्या आसपासच निघाले. या रुग्णांत प्रथम इलाज करायचा तो झडपेवर, म्हणजे फुग्याने ती रुंद करून किंवा शस्त्रक्रिया करून. आणि गुठळी रोखण्यासाठी नव्या औषधांपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या जातीची औषधेच त्यांना हितावह ठरतात, असे २०२२ साली दिसून आले. म्हणून यापुढे ॲब्लेशनविषयी जे सांगायचे आहे ते ज्यांच्या झडपा निर्दोष आहेत अशा तरुणांना उद्देशून आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बंडाचे मूळ कोठे

अलिंदभर माजलेल्या या गोंधळाला काही निश्चित उगमस्थान असेल, ही कल्पना फार काळ रुजली नव्हती. अमेरिकेतील सेंट लुईसचे शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी १९८७ साली छाती उघडून अलिंदांच्या भिंतीवर छेदांची अशी जाळी पाडण्याची शस्त्रक्रिया केली की, भरकटलेल्या लहरींना फिरायला वाटच उरू नये. ती यशस्वी झाली, परंतु इतका मोठा शस्त्रप्रयोग प्रत्येकावर करणे शक्य नव्हते. निर्णायक शोध लागला तो फ्रान्समधील बोर्दो येथे. मिशेल हायसागेर आणि त्यांचे सहकारी यांनी वारंवार झटके येणाऱ्या ४५ रुग्णांच्या हृदयात सूक्ष्म तारा घालून झटक्याची सुरुवात करणारा पहिला ठोका कोठून निघतो याचा माग काढला, आणि १९९८ साली जाहीर केले की, सापडलेल्या ६९ उगमांपैकी ६५ फुप्फुसशिरांत होते. फुप्फुसांतून शुद्ध रक्त घेऊन डाव्या अलिंदात उघडणाऱ्या या सामान्यतः चार शिरांच्या तोंडांशी हृदयाच्या स्नायूचे धागे काही अंतरापर्यंत आत शिरलेले असतात, आणि हुकमाची वाट न पाहता ठोके सोडणारे बंडखोर तेथेच दडलेले असतात. शिरांच्या तोंडांभोवती विद्युत्-प्रवाह ओलांडू शकणार नाही असे वर्तुळ आखून त्यांचा अलिंदाशी असलेला संबंध तोडणे, हाच आजच्या ॲब्लेशनचा गाभा होय.

या शोधाच्या जोडीला हॉलंडमधील मास्ट्रिक्ट येथे १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ठेवला, म्हणजे तरुण रुग्णाच्या बाबतीत काळाचे महत्त्व काय आहे ते स्पष्ट होते. तेथील संशोधकांनी निरोगी बकऱ्यांच्या अलिंदांत यंत्राच्या साहाय्याने पुनःपुन्हा फिब्रिलेशन उत्पन्न केले. आरंभी ते काही सेकंदांत आपोआप थांबे, परंतु थोड्याच आठवड्यांत बहुतेक बकऱ्यांत ते एकदा सुरू झाले की दिवसभर थांबेनासे झाले. फिब्रिलेशन स्वतःच अलिंदाची घडण अशी पालटते की पुढील फिब्रिलेशनला ते अधिकाधिक अनुकूल व्हावे. अलिंद रुंदावते, त्याच्या स्नायूत तंतुमय ऊतक वाढते, आणि जो विकार आरंभी केवळ शिरांच्या तोंडाशी होता त्याची पाळेमुळे सबंध भिंतीत पसरतात. झटके येऊन जाणाऱ्या अवस्थेत जो इलाज सोपा व फलदायी असतो, तोच विकार कायमचा ठाण मांडून बसल्यावर अवघड आणि बेभरवशाचा होतो. तरुण रुग्णापाशी आयुष्याची वर्षे पुष्कळ असतात, म्हणून त्याला थांबायला सवड आहे असे वरवर वाटते. वस्तुतः तीच वर्षे या विकाराला वाढण्यासाठी मिळालेली मुदत असतात.

इलाजाची रीत

शिरेतून नळी घालून जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचता येते, हे १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून कॅथेटर आत सरकवून दाखवून दिले. आज ॲब्लेशनसाठी जांघेतील शिरेत लहान छिद्र पाडून, रुग्णाला गुंगी किंवा पूर्ण भूल देऊन, हे कॅथेटर उजव्या अलिंदात नेतात. दोन अलिंदांमधील पडदा एका ठिकाणी अगदी पातळ असतो, तेथे सुईने वाट करून ते डाव्या अलिंदात उतरवतात. आतमध्ये गुठळी नाही याची खात्री आधीच अन्ननलिकेतून किंवा हृदयाच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने अथवा सीटी स्कॅनने करून घेतलेली असते. मग संगणकाच्या पडद्यावर अलिंदाचा त्रिमितीय नकाशा तयार होतो आणि शिरांच्या तोंडांभोवतीचे काम सुरू होते.

हे काम करण्याच्या तीन रीती आज प्रचारात आहेत. पहिलीत रेडिओलहरींच्या ऊर्जेने कॅथेटरच्या टोकाशी उष्णता निर्माण करून बिंदूला बिंदू जोडत वर्तुळ पुरे करतात. दुसरीत शिरेच्या तोंडात छोटा फुगा फुगवून तो नायट्रस ऑक्साइड वायूने अतिशय थंड करतात आणि सबंध वर्तुळ एकदमच गोठवतात. या दोन्ही रीती तुल्यबळ असल्याचे २०१६ साली ७६२ रुग्णांवर केलेल्या तुलनेत दिसून आले. तिसरी, पल्स्ड फील्ड नावाची, सर्वांत नवी आहे. अत्यल्प काळाच्या तीव्र विद्युत्-स्पंदांनी हृदयपेशींच्या आवरणाला छिद्रे पाडून त्या निकामी केल्या जातात, आणि उष्णता वा थंडी यांचा फारसा संबंध नसल्यामुळे शेजारच्या अन्ननलिकेला व मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव घटतो. काम सामान्यतः एक ते तीन तासांत आटोपते, आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात.

पुरावा आणि जोखीम

पूर्वी नियम असा होता की, आधी लय सांभाळणारी औषधे द्यावीत आणि ती निष्फळ ठरल्यावरच ॲब्लेशनचा विचार करावा. या नियमाची परीक्षा कॅनडात झाली. पूर्वी औषधोपचार न झालेल्या ३०३ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रथमच थंड फुग्याचे ॲब्लेशन आणि निम्म्यांना औषधे देऊन, प्रत्येकाच्या छातीत त्वचेखाली सतत नोंद घेणारे यंत्र बसवण्यात आले. वर्षभरात बेताल गतीची पुनरावृत्ती ॲब्लेशनच्या गटात ४२.९ टक्के आणि औषधांच्या गटात ६७.८ टक्के जणांत नोंदली गेली. तीन वर्षांनंतरचा निष्कर्ष तर आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिकच मोलाचा आहे: झटक्यांच्या अवस्थेतून चिवट, न थांबणाऱ्या अवस्थेत गेलेले रुग्ण पहिल्या गटात १.९ टक्के, तर दुसऱ्यात ७.४ टक्के होते. या आणि अशा इतर पुराव्यांच्या आधारे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांना झटक्यांचा त्रास जाणवतो आणि इतर व्याधी फारशा नाहीत अशा निवडक, सामान्यतः तरुण रुग्णांसाठी कॅथेटर ॲब्लेशनला प्रथम उपचाराचे स्थान दिले. तरुणांच्या बाबतीत या शिफारशीला आणखीही एक आधार आहे: अमिओडारोनसारखे प्रभावी औषध दशकानुदशके घेतल्यास थायरॉइड, फुप्फुस आणि यकृत यांवर अनिष्ट परिणाम होऊ शकतात, आणि औषधाची मुदत जितकी लांब तितकी ही भीती मोठी.

तथापि हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचले पाहिजेत. ४२.९ टक्क्यांचा अर्थ असा की, सूक्ष्म नोंदीच्या कसोटीवर ॲब्लेशननंतरही शंभरांतील चाळीसहून अधिक रुग्णांत थोडीफार बेताल गती दिसलीच. त्यांतील पुष्कळांचे झटके क्वचित व अल्पकालिक होते, पण समूळ उच्चाटनाची हमी कोणालाही देता येत नाही, आणि काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत, भाजलेला वा गोठलेला भाग भरून येत असताना, झटके येऊ शकतात. तेवढ्यावरून इलाज फसला असे समजू नये. २,२०४ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲब्लेशनमुळे मृत्यू, पक्षाघात इत्यादी गंभीर घटना एकंदरीत निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. रुग्णांच्या जीवनाची प्रत मात्र सुधारली. ही सुधारणा केवळ मनाच्या समजुतीने होत असावी, या शंकेचे निरसन ब्रिटनमधील १२६ रुग्णांच्या चाचणीने २०२४ साली केले: अर्ध्या रुग्णांवर इलाजाचा केवळ देखावा करण्यात आला होता, आणि खरा इलाज झालेल्यांची प्रकृती स्पष्टपणे अधिक सुधारली.

जोखमीची कैफियतही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे. जांघेत रक्तस्राव होणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. शंभरांत सुमारे एखाद्या रुग्णाच्या हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचते आणि ते तातडीने काढावे लागते. पक्षाघात त्याहून विरळा. थंड फुग्याने श्वासपटलाचा मज्जातंतू दुखावला जाऊ शकतो, पण तो बहुधा काही काळाने पूर्ववत होतो. सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे अलिंद आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र पडणे. जगभरच्या साडेपाच लाखांहून अधिक ॲब्लेशनांच्या २०२३ मधील पाहणीत तो दहा हजारांत दोन-तीन जणांना झाल्याचे दिसले, परंतु ज्यांना झाला त्यांतील बहुसंख्य दगावले. म्हणून इलाजानंतरच्या एक-दोन महिन्यांत ताप, गिळताना वेदना किंवा अचानक अशक्तपणा आल्यास ज्या रुग्णालयात ॲब्लेशन झाले तेथेच विनाविलंब जावे. तरुण व अन्यथा निरोगी रुग्णांत उपद्रव वृद्धांपेक्षा कमी होतात, आणि ज्या केंद्रात हे काम नित्य व पुष्कळ होते तेथे ते आणखी कमी होतात.

रुग्णाचा वाटा

ॲब्लेशन झाले म्हणजे रुग्णाची जबाबदारी संपली, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे प्रशांतन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल रुग्णांचा जो दीर्घकालीन अभ्यास केला त्यात, ज्यांनी आपले वजन दहा टक्के वा अधिक घटवले आणि ते तसेच राखले, त्यांची बेताल गतीपासून मुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट आढळली. त्याच देशात १४० मद्यपी रुग्णांपैकी ज्यांना मद्य वर्ज्य करण्यास सांगितले त्यांत विकाराची पुनरावृत्ती ५३ टक्क्यांवर आली. पूर्ववत पीत राहिलेल्यांत ती ७३ टक्के राहिली. वजन, रक्तदाब, मद्य आणि झोपेतील घोरण्यामागचा श्वासरोध यांचा बंदोबस्त केला नाही, तर शिरांच्या तोंडाशी घातलेला बांध फार काळ पुरणार नाही. तसेच गुठळी रोखणारे औषध ॲब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने प्रत्येकाने घ्यायचेच असते. पुढे ते चालू ठेवायचे की नाही हे धडधड थांबली किंवा नाही यावर ठरत नाही, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा गोष्टींच्या हिशेबावर ठरते, आणि हा हिशेब डॉक्टरांनीच मांडायचा असतो.

आपल्याकडे या इलाजाचा खर्च काही लाखांच्या घरात जातो, तो मुख्यतः मोठ्या शहरांतच उपलब्ध आहे, आणि तरुण माणसाच्या धडधडीला काळजी, जागरण किंवा चहा यांचे निमित्त देऊन घरचे लोक तिची बोळवण करतात. या तीन कारणांनी आपला रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचतो तोवर अलिंद पुष्कळदा रुंदावलेले असते. पहिल्या दोन अडचणी दूर करणे शासनाच्या आणि वैद्यकीय संस्थांच्या अखत्यारीतले आहे. तिसरी दूर करणे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढून घ्यावा, कारण झटका ओसरल्यावर काढलेला आलेख बहुधा निर्दोष येतो, आणि तो कागद जपून ठेवावा. निदान झाल्यावर तज्ज्ञाला स्पष्ट विचारावे: माझ्या झडपा व थायरॉइड तपासले का, दुसरा एखादा विद्युत्-मार्ग तर याच्या मुळाशी नाही ना, माझे अलिंद अजून मूळ आकाराचे आहे का, आणि माझ्या वयात व स्थितीत औषधांऐवजी प्रथमच ॲब्लेशन केल्यास लाभ किती आणि धोका किती. ज्या तरुणाला झटके क्वचित येतात आणि फारसा त्रास होत नाही, त्याला थांबून लक्ष ठेवण्याचा सल्लाही मिळेल, आणि तो रास्तच असेल. पण थांबायचे ते विचारपूर्वक, ठरावीक मुदतीने तपासणी करीत. गोळ्यांच्या आधाराने वर्षे ढकलत राहणे म्हणजे निर्णय लांबणीवर टाकणे नव्हे, तो विकाराच्या बाजूने दिलेला निर्णयच होय, हे रुग्णाने आणि त्याच्या डॉक्टरांनी दोघांनीही ओळखले पाहिजे.